जसे पाणी, तसे गाव

जपानमध्ये गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी 1948 पासून स्वतंत्र कायदा आहे. जमिनीतून वर येणारे पाणी उगमापाशी 25 अंश सेल्सियस किंवा त्याहून गरम असले, नाहीतर कायद्याच्या यादीतल्या 19 घटकांपैकी एखादा त्यात ठरावीक प्रमाणात असला, की त्याला ‘ओन्सेन’ म्हणता येते. ही अट फारशी कडक नाही. मुंबईच्या नळाला वर्षातले कितीतरी महिने याहून गरम पाणी येते. त्यामुळे या कायद्यात बसणारे उगम जपानभर 27 हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांच्या काठाने वसलेली, मुक्कामाची सोय असलेली गावे जवळपास 3 हजार.

एवढ्या गावांतून आपण कुठे जावे? पर्यटन कंपन्यांच्या माहितीपत्रकांत सगळीकडे एकच चित्र असते: वाफाळते कुंड, कडेला बर्फ, मागे डोंगर. प्रत्यक्षात मात्र एक गाव दुसऱ्यासारखे नसते. पाणी किती आहे, किती गरम आहे आणि त्यात काय विरघळले आहे, या तीन गोष्टींवर त्या गावाचे रस्ते, रीतिरिवाज, भांडणे, जेवण, अगदी शेजारची नदी आणि तळेसुद्धा ठरत गेलेले दिसते. जपानी झऱ्यांच्या गावी जायचे तर पाण्यापासून सुरुवात करावी, म्हणजे गाव आपोआप उलगडते.

आधी हे पाणी तापते कसे ते पाहू. जपानच्या खाली पॅसिफिक आणि फिलिपिन्स समुद्राचे भूपट्ट सतत सरकत, तिरपे आत घुसत असतात. खोलवर गेलेल्या या पट्टांतून पाणी सुटते, त्याने वरचा खडक वितळायला मदत होते आणि शिलारस वर चढतो. देशात 111 जिवंत ज्वालामुखी आहेत ते याच कारणाने. पावसाचे आणि बर्फाचे पाणी भेगांतून झिरपते, तापलेल्या खडकापाशी जाते, ज्वालामुखीतले वायू आणि क्षार घेते आणि पुन्हा वर येते. बहुतेक प्रसिद्ध झरे असे जन्मतात.

पण सगळेच नाहीत. कोबे शहरामागच्या डोंगरातल्या आरिमा या गावाजवळ जिवंत ज्वालामुखी नाही. तरीही तिथे समुद्राहून खारट, लोहामुळे गंजाच्या रंगाचे, कढत पाणी वर येते. खाली घुसणाऱ्या फिलिपिन्स पट्टातूनच हे पाणी पिळून निघत असावे, असे भूशास्त्रज्ञ मानतात. कोकणातल्या उन्हाळ्यांची गोष्ट तिसरीच आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरपर्यंत किनाऱ्याला समांतर अशी गरम झऱ्यांची रांग आहे. आपला बहुतेक मुलूख लाव्हाच्या खडकाचा असला, तरी तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला. कोकणातले पाणी खोल भेगांत उतरते, पृथ्वीच्या पोटातल्या नेहमीच्या उष्णतेने तापते आणि वर येते. म्हणून आपल्याकडे गरम पाणी मिळते, पण ज्वालामुखीच्या आम्लाने जाळणारे पाणी मिळत नाही. ते पाहायचे तर कुसात्सूला जावे लागते.

आम्लाचे गाव

कुसात्सू हे टोकियोच्या वायव्येला, गुन्मा प्रांतात, सुमारे 1,200 मीटर उंचीवर आहे. नागानोहारा-कुसात्सुगुची स्थानकापर्यंत रेल्वे आणि तिथून अर्ध्या तासाच्या आत बस. बसमधून उतरले की गंधकाचा वास येतो. गावाच्या मधोमध चौकाऐवजी ‘युबाताके’ आहे: लाकडी पन्हाळींची रांग, तिच्यातून वाफाळत वाहणारे पाणी आणि शेवटी हिरवट धबधबा. पाणी थेट कुंडात सोडले तर अंग भाजेल, म्हणून ते पन्हाळींतून फिरवून निववायचे. वाहताना तळाशी गंधकाची साय धरते. ती खरवडून, वाळवून ‘युनोहाना’ नावाने विकतात. घरच्या टबात ती टाकली की कुसात्सूचा वास घरी.

पंप न लावता, आपोआप वर येणाऱ्या पाण्याचे प्रमाण पाहिले तर कुसात्सू जपानात पहिले आहे, मिनिटाला 32 हजार लिटरहून जास्त. त्या पाण्याचा सामू 2.1 च्या आसपास, म्हणजे जवळपास लिंबाच्या रसाइतके आंबट. अशा पाण्यात जंतू तग धरत नाहीत. त्वचेच्या रोगांवर कुसात्सूचे नाव शतकानुशतके घेतले गेले ते यामुळे. मेजी सम्राटाचा वैद्य आणि टोकियोत वैद्यक शिकवणारा जर्मन डॉक्टर एर्विन बेल्झ याने कुसात्सूची कीर्ती परदेशी नेली.

एवढे पाणी असूनही ते निववण्यासाठी त्यात साधे पाणी घालायला गाव तयार नव्हते, कारण त्याने औषधी गुण पातळ होणार. मग उपाय निघाला तो ‘युमोमी’चा. पुरुषभर लांब लाकडी फळ्या कुंडात घालून सगळ्यांनी एका तालात पाणी ढवळायचे, गाणे म्हणायचे. पाणी थोडे निवते, हवेशी मिसळून मऊ होते आणि उतरणाऱ्यांच्या अंगाला व्यायाम होतो. आज पर्यटकांसमोर नेत्सुनोयू या वास्तूत याचा प्रयोग होतो. तो बघताना मौज वाटते, पण त्याचा उगम पूर्णपणे व्यवहारातला आहे.

कुसात्सूला गेलेल्या बहुतेकांना न दिसणारी गोष्ट गावाच्या खालच्या अंगाला आहे. गावाचे आणि डोंगराचे आंबट पाणी यु नदीतून आगात्सुमा नदीत जायचे. त्या नदीत मासा जगत नसे, तिचे पाणी शेतीला चालत नसे, पुलांचे लोखंड आणि सिमेंट झिजायचे. 1964 पासून तिथे चुनखडीची भुकटी पाण्यात कालवून ते दुधासारखे मिश्रण नदीत सोडले जाते, दिवसरात्र, वर्षाचे 365 दिवस. तयार झालेला गाळ खालच्या शिनाकी धरणात साठतो आणि तो उपसावा लागतो. नदीकाठी वीस-तीस मिनिटे उभे राहिले की नळीतून पडणारा पांढरा प्रवाह आणि पुढे बदलत जाणारा रंग स्पष्ट दिसतो. ज्या आम्लावर गाव जगते, त्याच आम्लाचा हिशेब खालच्या खोऱ्यासाठी रोज चुकता करावा लागतो.

तळ्याने मोजलेली किंमत

हा हिशेब चुकला तर काय होते, ते उत्तरेकडच्या आकिता प्रांतात कळते. तिथले ताझावा तळे 423 मीटर खोल, जपानात सर्वांत खोल. निळाई इतकी गडद की ढगाळ दिवशीही ती लपत नाही. या तळ्याच्या वरच्या डोंगरात तामागावा ओन्सेन आहे. तिथल्या एकाच उगमातून मिनिटाला सुमारे 9 हजार लिटर, 98 अंशांचे पाणी उसळते आणि त्याचा सामू 1.2 च्या आसपास आहे. जपानातले हे सर्वांत आंबट पाणी. आजारी माणसे इथे चटया घेऊन येतात आणि तापलेल्या खडकावर तासन्‌तास पडून राहतात.

1940 मध्ये वीजनिर्मिती आणि शेतीच्या पाण्यासाठी तामागावाचे हे आंबट पाणी ताझावा तळ्यात वळवले गेले. तळे मोठे आहे, त्यात आम्ल विरून जाईल, असा अंदाज होता. तो चुकला आणि मासे मेले. त्यांत ‘कुनिमासू’ नावाचा, जगात फक्त याच तळ्यात सापडणारा मासा होता. तो नामशेष झाला असे पुस्तकांत लिहिलेही गेले. पण 1930 च्या दशकात त्याची अंडी दुसऱ्या तळ्यांत सोडण्याचे प्रयोग झाले होते. 2010 मध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याच्या सायको तळ्यात तो जिवंत सापडला. तामागावाचे पाणी चुनखडीने सौम्य करणारे केंद्र आता काम करते, तरी ताझावा तळे अजून पूर्ण सावरलेले नाही आणि कुनिमासू आपल्या मूळ घरी परतलेला नाही.

ताझावाको स्थानकातून बसने पाऊण तासावर न्युतो आहे. हे गाव म्हणण्याऐवजी बीच वृक्षांच्या जंगलात विखुरलेली सात निवासस्थाने म्हणावीत. प्रत्येकाचा उगम वेगळा, रंग वेगळा. त्सुरुनोयू हे त्यांतले सर्वांत जुने, गवती छपरांचे, दुधाळ पाण्याचे. मेजी सम्राटाच्या आधीच्या एदो काळात या प्रांताचा सरदार इथे स्नानाला यायचा. ऑक्टोबरात जंगल पिवळे-तांबडे होते, डिसेंबर ते मार्च बर्फ माणसाच्या डोक्याच्या वर जाते. जंगल आहे म्हणून बर्फ थांबते, बर्फ हळूहळू मुरते म्हणून झरे वाहतात. इथे निसर्ग ‘आजूबाजूला’ नसतो, तो पाण्याच्या कारखान्याचा भाग असतो.

कमी पाणी, जास्त शहाणपण

पश्चिमेकडे, जपानच्या समुद्रालगत, किनोसाकी हे अगदी उलटे उदाहरण. क्योटोहून रेल्वेने अडीच तास. येथे पाणी भरपूर नाही आणि गावाची सगळी रीत त्यातून आली.

किनोसाकीत पिढ्यान्‌पिढ्या सार्वजनिक स्नानगृहांतच अंघोळ व्हायची. राहायचे सरायीत, ज्याला तिथे ‘र्योकान’ म्हणतात, आणि अंघोळीला बाहेर पडायचे. मे 1925 मध्ये भूकंप झाला, आग लागली, गाव जळून गेले. पुन्हा बांधणी सुरू असताना 1927 मध्ये एका र्योकानने आपल्या आवारात पाणी काढून खासगी स्नानगृह सुरू केले. गाव उठले. पाणी जमीनमालकाचे की सगळ्या गावाचे, हा वाद कोर्टात गेला आणि दोन दशकांहून जास्त चालला. 1950 मध्ये समेट झाला: र्योकानांना आत स्नानगृह ठेवता येईल, पण त्याच्या आकाराला मर्यादा असेल. पुढे सगळ्या उगमांचे पाणी एकत्र करून नळांनी गावभर वाटण्याची व्यवस्था झाली.

आज पर्यटकांना किनोसाकी आवडते ते संध्याकाळच्या दृश्यामुळे. ओतानी ओढ्याच्या काठी विलोची झाडे, कमानदार दगडी पूल आणि युकाता हा सुती झगा घालून, गेता या लाकडी खडावा खटखटवत एका स्नानगृहातून दुसऱ्यात जाणारे पाहुणे. गावात अशी सात सार्वजनिक स्नानगृहे आहेत आणि मुक्कामी पाहुण्याला त्यांचा पास र्योकानमधूनच मिळतो. ही फिरण्याची मजा कुणी पर्यटनासाठी शोधून काढलेली नाही. पाणी थोडे होते, ते वाटून घ्यायचे ठरले आणि त्यासाठी लोकांना घराबाहेर पडावे लागले. दुकाने, खानावळी, रस्ता, सगळ्यांना त्यामुळे गिऱ्हाईक मिळाले.

किनोसाकीचा परिसरही सावकाश पाहण्याजोगा आहे. दंतकथा सांगते की जखमी पाय पाण्यात बुडवून बसलेल्या करकोच्यामुळे इथला झरा सापडला. पण कीटकनाशके आणि भाताच्या खाचरांतल्या बदलांमुळे जपानातला शेवटचा रानटी करकोचा याच तोयोओका भागात 1971 मध्ये मेला. बंदिस्त पैदास करून 2005 मध्ये पक्षी पुन्हा मोकळ्या हवेत सोडले गेले. त्यासाठी आसपासच्या शेतकऱ्यांनी औषध फवारणी कमी केली, खाचरांत पाणी जास्त दिवस राखले आणि तो तांदूळ करकोच्याच्या नावाने वेगळ्या भावाने विकू लागले. आता जपानभर दोनशेहून जास्त करकोचे मोकळे आहेत.

गावापासून पाचेक किलोमीटरवर, मारुयामा नदीच्या काठी गेन्बुदो ही गुहा आहे. षटकोनी खांबांच्या बेसाल्टची ही भिंत मराठी माणसाला ओळखीची वाटेल. अंधेरीची गिल्बर्ट टेकडीही अशाच खांबांची आहे. गेन्बुदोचा लाव्हा मात्र फक्त 16 लाख वर्षांपूर्वीचा. 1926 मध्ये मातुयामा मोतोनोरी या शास्त्रज्ञाने इथल्या खडकातले चुंबकत्व मोजले, तेव्हा ते आजच्या दिशेच्या बरोबर उलटे निघाले. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव पूर्वी उलटलेले होते, हे सांगणाऱ्या सुरुवातीच्या शोधनिबंधांत त्याचा 1929 चा निबंध येतो. शेवटची मोठी उलटापालट सुमारे 7 लाख 80 हजार वर्षांपूर्वीची. तिच्या आधीच्या उलट्या कालखंडाला आज जगभर मातुयामाचेच नाव आहे.

वाफेवर शिजणारे शहर

पाणी अमाप असले की काय होते, ते क्युशू बेटावरच्या बेप्पूत दिसते. हे गाव राहिलेले नाही, लाखाहून थोड्या जास्त वस्तीचे शहर आहे, आणि त्यात 2 हजारांहून जास्त उगम आहेत. जपानात कुठल्याही एका ठिकाणी इतके नाहीत. घरांच्या मधून, गटारांतून, रस्त्याच्या कडेने वाफ निघते. जे उगम अंघोळीला फारच गरम, त्यांना ‘जिगोकू’, म्हणजे नरक, म्हणतात आणि ते तिकीट काढून पाहायचे असतात. एक निळेशार, एक लोहाने रक्तासारखे लाल. बेप्पूचा प्रचारक आबुराया कुमाहाची याने 1928 मध्ये या नरकांची बसफेरी सुरू केली आणि तीत महिला मार्गदर्शक नेमल्या. रेल्वे स्थानकासमोर त्याचा हात उंचावलेला पुतळा आहे.

कान्नावा भागात लोक झऱ्याच्या वाफेवर स्वयंपाक करतात. आपल्या मोदकपात्राचे तत्त्व, फक्त चूल जमिनीखाली. रताळी, भोपळा, अंडी, मका टोपलीत ठेवून झाकण लावायचे. पाहुण्यांनाही आपली टोपली आपण लावता येते. बेप्पूच्याच ताकेगावारा स्नानगृहात गरम वाळूत गळ्यापर्यंत पुरून घेण्याची सोय आहे. म्योबान भागात गवती खोपटांत निळसर माती अंथरून खालच्या वायूपासून स्फटिक तयार करतात, ते एदो काळापासून.

लावलेले रान

बेप्पूच्या पश्चिमेला डोंगरात कुरोकावा आहे. 1980 च्या दशकापर्यंत ते मागे पडलेले गाव होते. पाणी चांगले असूनही पाहुणे येत नव्हते. तिथल्या र्योकान मालकांनी एकत्र येऊन काही निर्णय घेतले. रंगीबेरंगी जाहिरातींचे फलक काढून टाकले, छपरांचे आणि भिंतींचे रंग एकसारखे मातकट ठेवले आणि जागा सापडेल तिथे रानटी झाडे लावली. 1986 पासून त्यांनी लाकडाची एक चकती विकायला सुरुवात केली, जिच्यावर कोणत्याही तीन र्योकानांच्या उघड्यावरच्या कुंडांत जाता येते. गल्ल्या म्हणजे एका मोठ्या र्योकानचे बोळ आणि प्रत्येक र्योकान म्हणजे एक खोली, असे त्यांनी ठरवले. आज पाहुण्यांना तिथला नैसर्गिकपणा भावतो. त्यातला बराचसा माणसांनी विचारपूर्वक लावलेला आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

नागानो प्रांतातल्या जिगोकुदानीत तर माकडांनीच वेगळे कुंड मिळवले. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जवळच्या र्योकानच्या उघड्या कुंडात एक माकड उतरले, पाठोपाठ बाकीची. माणसे आणि माकडे एका पाण्यात नकोत म्हणून त्यांच्यासाठी स्वतंत्र कुंड बांधले गेले आणि 1964 मध्ये माकड उद्यान सुरू झाले. क्योटो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवले की हिवाळ्यात कुंडात बसणाऱ्या माद्यांच्या शरीरात ताणाचे संप्रेरक कमी होते. तिथे पोचायला रानातून अर्धा तास चालावे लागते. तिथे खायला काही काढू नये आणि माकडांच्या डोळ्यांत रोखून पाहू नये.

जाणाऱ्यांसाठी

मराठी माणसाची पहिली अडचण संकोचाची असते. जपानी स्नानगृहात बहुतेक ठिकाणी कपडे न घालताच उतरावे लागते, पोहण्याचा पोशाख चालत नाही. स्त्रिया आणि पुरुष बहुधा वेगळे असतात, आणि कोणी कोणाकडे पाहत नाही. फारच अवघड वाटले तर तासाभरासाठी कुटुंबाला मिळणारे खासगी कुंड मागावे. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करायची, साबण पूर्ण धुवायचा, मगच कुंडात उतरायचे. केस वर बांधायचे, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. कुंड स्वच्छ होण्यासाठी नसते, स्वच्छ झाल्यावर बसण्यासाठी असते. गोंदवलेल्यांना काही ठिकाणी मज्जाव असतो, ते आधी विचारावे. पाणी साधारण 40 ते 42 अंश असते. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर थोडाच वेळ बसावे आणि दारू पिऊन उतरू नये. गंधकाच्या पाण्यात चांदीचे दागिने काळे पडतात, ते काढून ठेवावेत.

शाकाहारी माणसांनी खोली राखून ठेवतानाच स्पष्ट सांगावे. र्योकानचे रात्रीचे जेवण अनेक पदार्थांचे आणि सुंदर असते, पण बहुतेक रश्शांत सुक्या माशाचा अर्क असतो, आणि ऐन जेवणाच्या वेळी तो काढून टाकता येत नाही.

शेवटी एक कागद. प्रत्येक ओन्सेनच्या कपडे बदलण्याच्या खोलीत, बहुधा आरशाशेजारी, पाण्याच्या तपासणीचा तक्ता टांगलेला असतो. तो कायद्याने लावावाच लागतो आणि तपासणी दर 10 वर्षांनी नव्याने करावी लागते. उगमाचे तापमान, सामू, कोणते क्षार किती, कोणत्या आजारात उतरू नये, हे त्यात असते. 2004 मध्ये काही ठिकाणी पाणी दुधाळ दिसावे म्हणून रंगीत भुकटी मिसळली जात असल्याचे उघडकीस आले. त्यानंतर, पाण्यात साधे पाणी मिसळले आहे का, ते तापवले आहे का, तेच पुन्हापुन्हा फिरवले जाते का, हेही लिहिणे सक्तीचे झाले. भाषा येत नसेल तर फोनच्या कॅमेऱ्यातून त्याचे भाषांतर करता येते. फक्त फोन बाहेरच ठेवायचा नियम असेल तर व्यवस्थापकांना विचारून घ्यावे. कुंडात उतरण्याआधी तो तक्ता वाचावा. डोंगराने काय दिले आणि गावाने त्याचे काय केले, दोन्ही त्यात लिहिलेले असते.